गच्चीवरची फुकटची छत्री

हैदराबादला, तारनाक्याच्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर एक छत्री होती, ती आमची. पावसाची नव्हे हो, टीव्हीची. ती पांढरी थाळी असते ना, ती. एकदा बसवली की झालं, केबलवाल्यासारखं दर महिन्याला कोणी दारात येऊन उभं राहत नाही. खाली टीव्हीजवळ एक डबा, त्यात सरकारी चॅनल. तेलुगू यायचं, हिंदी यायचं, आणि मला हवं ते मराठी यायचं.

तुम्ही तिकडची माणसं म्हणाल, मराठी चॅनलचं एवढं काय कौतुक! तुमच्याकडे भाजीवालीसुद्धा मराठीत ओरडते, तुम्हाला काय कळणार? माझा मुलगा कुकटपल्लीला राहतो, सून तेलुगू. गुणाची आहे, तक्रार नाही. पण नातवंडं मला आजी नाही, नानम्मा म्हणतात, आणि मी फोनवर मराठीत विचारलं की तिकडून हिंदीत उत्तर येतं. आमचे हे मुळातच कमी बोलतात. जन्म सरकारी नोकरीत गेला, घरातही विचारल्याशिवाय तोंड उघडत नाहीत. म्हणून संध्याकाळच्या मराठी बातम्या लागल्या की मी गॅस बारीक करून समोर बसायची. बातमी कोल्हापूरच्या गुळाची असायची. मला काय करायचंय त्या गुळाचं? पण दिवसभरात तेवढाच वेळ माझी भाषा दुसऱ्या कोणाच्या तोंडून कानावर पडायची.

छत्री बसवली त्या दिवशी अक्का जिन्यात उभी होती. अक्का म्हणजे समोरच्या दारातली, तेलंगणातल्या वरंगलकडची. मी तिला अक्का म्हणायची आणि ती मला वदिना. तेलुगूत वहिनीला वदिना म्हणतात. बसवणारा वर गच्चीवर थाळी फिरवत होता, मी खाली टीव्हीसमोर, आणि मधे निरोप द्यायला अक्का.

"आया क्या वदिना?"

"नै आया!"

"अब?"

"आया, आया... गया!"

"अय्यो, पकड के रखो ना उसको!" ती वरून हसत ओरडली. अखेर चित्र ठरलं तेव्हा माझ्यापेक्षा तिलाच जास्त आनंद झाला. माझ्या घरी साखर घातलेलं दही खाऊन गेली.

पुढे तेलंगणा वेगळं राज्य करायची चळवळ सुरू झाली. आज मोर्चा, उद्या बंद. आमची बिल्डिंग तशी मिळूनमिसळून होती, पण अर्धी माणसं गुंटूर-विजयवाड्याकडची, अर्धी तेलंगणातली. जिन्यात समोरासमोर आली की एकमेकांच्या चपलांकडे बघायची. बंदच्या दिवशी केबलवाला कुलूप लावून बसायचा, घरोघरी टीव्हीचे पडदे काळे. चालू फक्त आमचा टीव्ही.

मग काय, सगळे आमच्याकडे! खालच्या मजल्यावरचे गुंटूरवाले रावगारू, म्हणजे आपल्याकडे रावसाहेब म्हणतात तसे, सोफ्यावर, अक्काचे यजमान समोरच्या दिवाणावर, आणि मधे माझा चहा. बाहेर बोलत नसलेली माणसं आमच्या बैठकीत एकाच ताटलीतला चिवडा खायची. का? तर आम्ही मराठी. आम्ही ह्यांचेही नाही आणि त्यांचेही नाही. आमच्या घरी बसलं तर कोणाचा कमीपणा होत नव्हता.

एकदा रावगारूंनी मला डिवचलं, "आंटी, आप बोलो, हैदराबाद किसका?"

मी म्हणाले, "जो नल का बिल टाइम पे भरता, उसका. आपका दो महिने का बाकी है."

अक्काचे यजमान दिवाणावर आडवे होऊन हसले. रावगारूही हसले, काय करतील! त्या दिवसांत मला वाटायचं, बिल्डिंग फुटली नाही ती आपल्या बैठकीमुळे. आपण दोन्हीकडचे, असं मला वाटायचं. अभिमानच होता म्हणा ना.

राज्य झालं. फटाके वाजले, काही घरांत वाजले नाहीत, पण दिवस पुन्हा रुळावर आले. आणि एक नवा केबलवाला आला. त्याचं म्हणणं असं, की सगळ्या घरांनी मिळून त्याचं कनेक्शन घेतलं तर स्वस्तात देईन. पण सगळ्या घरांनी, एकही वगळून चालणार नाही. आणि गच्ची मोकळी हवी, वेगळी छत्री नको.

मी त्याला जिन्यातच गाठलं. "मराठी चॅनल आता क्या?"

"मराठी नै आता आंटी. इत्ते सारे चॅनल हैं, देखते देखते थक जाते आप."

मी निश्चिंत होते. म्हटलं, आपल्याला विचारल्याशिवाय थोडंच होणार आहे! अक्का आहे, रावगारू आहेत, सगळ्यांनी आपल्या छत्रीवर बातम्या पाहिल्यात.

मीटिंग गच्चीवरच झाली. खुर्च्या मांडल्या होत्या, त्याही छत्रीच्या सावलीत. बोलणं तेलुगूत, भराभर. मला तेलुगू कळतं, इतक्या वर्षांनी न कळायला काय झालं! रावगारू म्हणाले, घ्यावं. अक्काचे यजमान म्हणाले, घ्यावं. ज्या दोघांचं पाण्याच्या टाकीवरूनसुद्धा कधी जमलं नव्हतं, त्यांचं माझ्या छत्रीवरून जमलं. मग कोणीतरी म्हणालं, वरच्या मराठी आंटींचं काय? त्यांना विचारा तरी.

मी तोंड उघडायच्या आत अक्का बोलली. माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून, माझ्या गुडघ्यावर हात ठेवून बोलली. "वदिनांना काय विचारायचं? त्या कधी कोणाला नाही म्हणत नाहीत. त्यांचं सगळ्यांशी चांगलं आहे."

सगळे माना डोलवून हसले, प्रेमानंच हसले. हात वर करा म्हणाले. रावगारूंचा हात, अक्काच्या यजमानांचा हात, अक्काचा हात. माझ्या गुडघ्यावरचाच उचलला तिनं. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी चष्मा पुसला, डोळ्यावर चढवला, आणि हळूच हात वर केला.

घरी आल्यावर म्हणाले, "अगं, सगळे एकीकडे. आपण एकट्यानं कशाला वाईट व्हायचं?"

"ते भांडत होते तेव्हा आपण एकटे नव्हतो का? तेव्हा चहा कोण पाजत होतं?"

"तू बोलायचं होतंस मग."

"मला कोणी बोलू दिलं?"

हे पेपर उघडून बसले.

ज्याला दोघांचं समजतात, त्याला वेळ आली की कोणीच आपलं धरत नाही. हे मला उतारवयात कळलं. थाळी काढायला माणूस आला तेव्हा मी वर गेले नाही. खाली चित्र चालू होतं, बातम्या देणारी बाई कुठल्याशा धरणाचं सांगत होती. वाक्याच्या मधेच थांबली. खिडकीत बसवून दे म्हटलं, तर आमच्या खिडक्या दुसऱ्या अंगाला, तिथून छत्रीला सिग्नल सापडत नाही म्हणाला तो माणूस. डबा माळ्यावर टाकला.

अक्काशी भांडण असं झालं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. तिच्या घरातल्या मालिकांचा आवाज भिंतीतून यायचा. जिन्यात भेटली की विचारायची, "तबियत ठीक ना वदिना?" मी म्हणायची, "ठीक." तिला खरंच काही कळलं नव्हतं, की कळून न कळल्यासारखं करत होती, ते मला आजही सांगता येणार नाही.

संक्रांतीला मी हळदीकुंकू ठेवलं. ठेवायचं ते ठेवायचंच. एरवी अक्का सगळ्यांच्या आधी येऊन माझ्या स्वयंपाकघरात शिरायची. त्या वर्षी आली ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली, मी ये म्हणण्याची वाट बघत. मी तिथंच तिला हळद लावली, कुंकू लावलं, हातावर तिळगूळ ठेवला. पुढचं दर वर्षीचं म्हणायच्या ऐवजी मी तबक सारखं करत राहिले.

मग तीच म्हणाली, इतक्या वर्षांत माझंच ऐकून पाठ झालेलं, मोडकंतोडकं, "तिळगूळ घ्या, गोड गोड बोलो."

कितीतरी दिवसांनी माझ्या दारात कोणी मराठी बोललं होतं. माझे डोळे भरून आले आणि रागही आला, दोन्ही एकदम. तिचा चेहरा उजळला, तिला वाटलं मी विरघळले.

"हं," एवढंच म्हणाले मी, आणि तबक घेऊन तिच्या मागे उभ्या असलेल्या बाईकडे वळले.