दूर्वा गेल्या, लव्हाळा राहिला

मंडळी, घाईघाईने हे सोसायटीच्या फलकावर लावतोय. आपलं लॉन रविवारच्या मीटिंगपर्यंत नीट दिसलं नाही, तर तिथे लाद्या घालून स्कूटर उभ्या करणार आहेत. लॉनची देखभाल माझ्याकडे आहे.

आज दुपारी तळमजल्यावरच्या मालवणी काकू, शेजारणींना घेऊन, उद्याच्या गणपतीसाठी दूर्वा न्यायला आल्या. जमिनीलगत पसरणारं ते बारीक गवत म्हणजेच तण, असं मी समजत होतो. म्हटलं, “काकू, मुळासकट उपटा सगळं!”

परड्या भरल्या. उरलेलं उंच, चकचकीत गवत मी कौतुकाने बघत होतो.

काकू म्हणाल्या, “अरे झिला, ह्यो तर लवाळो! तुजां लॉन आमच्या परडीत!”

म्हणजे लॉन दूर्वांचं होतं, आणि तण हा लव्हाळा! लव्हाळ्याची दांडी बोटांत फिरवली की तीन कडा लागतात. मुळाशी गाठ असते, ती राहिली की तो पुन्हा उगवतो. हे मला आज कळतंय!

काकू म्हणतात, पूजेला कोवळी टोकं पुरतात, मुळं असलेल्या काड्या परत लावू. पण आधी लव्हाळा गाठीसकट निघायला हवा, आणि मी एकटा पडलोय. उद्या आरतीनंतर खुरपं, नाहीतर जुना चमचा घेऊन कोण कोण खाली येईल?