चादर मावेल अशी बॅग

कॉलेजचं पहिलं वर्ष मी कापडी पिशवीवर काढलं. चौसाळ्याहून एसटीनं बीडला जायचं. गर्दीत डबा आडवा झाला की कालवणाचं तेल वह्यांना लागायचं. म्हणून दुसऱ्या वर्षी दिवाळीआधी दादा स्वतःहून म्हणाला, "चल, तुला बॅग घेऊ," तेव्हा काय हवं ते मला पाठ होतं. पुस्तकांना वेगळा कप्पा, डबा उभा राहील अशी जागा, पाससाठी आत चेनचा खिसा.

दुकानात तशी निळी बॅग मिळालीसुद्धा. दादानं तिच्यात कोपरापर्यंत हात घातला.

"ह्यात चादर बसंल का?"

"हॉस्टेलला चालल्या का ताई?" दुकानदारानं विचारलं.

"लांब जायचंय," दादा म्हणाला, माझ्याकडं न बघता.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. हॉस्टेलचं मी एकदाच बोलले होते, तेही चाचरत. दादानं ते लक्षात ठेवलं, असं मला वाटलं. मग मीच त्याहून मोठी बॅग काढायला लावली.

घरी वहिनी बाळाला घेऊन बसली होती. ओली बाळंतीण, त्या वर्षी ती ऊसतोडीला जाणार नव्हती. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, एकट्याला मुकादम सहसा टोळीत घेत नाही. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी डोक्यात काही आलं नाही.

"बरी हाय," वहिनी बॅग बघून म्हणाली. "तुमा दोघांचे कपडे बसतील."

"दोघांचे?"

तिनं दादाकडं पाहिलं. "सांगितलं न्हाई व्हय?"

"मुकादमाला तुझं नाव दिलंय," दादा म्हणाला. "पाडवा झाला की गाडी येतीय."

"मग दुकानात कावून न्हाई सांगितलंस?"

"लई रडली असतीस. लोकांत."

विचारलं असतं तर मी कदाचित आपणहून गेलेही असते. बाळाकडं बघून. नक्की सांगता येत नाही, कारण विचारलंच नाही.

उसाच्या फडात त्या बॅगेत सगळं नीट बसलं. चादर, भाकरी, पाण्याची बाटली. पासच्या खिशात दादा तंबाखूची पुडी ठेवायचा.

यंदा मी पुन्हा त्याच वर्गात बसते. कॉलेज उघडलं त्या सकाळी दादानं बॅग धुऊन, वाळवून माझ्यासमोर ठेवली.

"घे की गं. तुलाच आणलीय."

मी वह्या पिशवीत भरल्या आणि डबा हातात धरून स्टँडवर गेले.