कापून टाकलेली निळी पट्टी

चूक माझी होती, हे आधीच लिहून टाकतो. नाहीतर पुढे धीर होणार नाही. महिन्यापूर्वी सकाळी पेठहून फोन आला, "बाबा गेले." सोमा गावितांचा मुलगा बोलत होता. नाशिकला इंदिरानगरच्या घरात मी फोन कानाशी धरून उभाच राहिलो. मनात एवढंच आलं, त्यांना सांगायचं राहिलं...

नव्वदच्या दशकात आमची प्रयोगशाळा म्हशींच्या यकृतात वाढणाऱ्या चपट्या कृमींचा अभ्यास करायची. आमच्याकडे कामाला असलेले सोमाभाऊ पेठकडच्या पाड्यांवर जाऊन जनावरांना जंताचं औषध पाजायचे आणि मेलेल्या जनावरांच्या यकृतातले जिवंत कृमी कोमट मिठाच्या पाण्यात, थर्मासमधून आणायचे. थंडीत एसटीत तो थर्मास स्वेटरच्या आत धरून बसायचे. "बायको म्हणते, मला चहाला थर्मास नाय, किड्यांना हाय!"

एकदा त्यांच्याच पाड्यावर औषध लागू पडेना. "साहेब, मी माझ्या हातानं पाजलंय. ते किडंच आता औषधाला ऐकत नाय."

"किड्यांनी युनियन काढली की काय?" मी म्हणालो. ते हसले नाहीत.

त्या कृमींमधली प्रथिनं आम्ही जेलच्या पातळ थरावर, प्रत्येक पाड्याच्या नमुन्याला एक रांग देऊन, वेगळी केली. निळ्या पट्ट्या उमटल्या, आणि त्या पाड्याच्या रांगेत एक पट्टी इतरांपेक्षा फार ठळक होती. औषध निकामी करणारं काहीतरी ते कृमी जास्त बनवत असावेत. पण औषध गुणकारी आहे, असं मी आधीच्या अहवालात लिहून बसलो होतो. नमुना जास्त भरला गेला असेल, अशी मनाची समजूत घालून मी जेलच्या फोटोतली ती रांग कात्रीने कापली. पुन्हा करून पाहायला दोन दिवस लागले असते. मी पाहिलं नाही. अहवालात लिहिलं, 'या ठिकाणी औषध नीट पाजलेले नाही.'

सोमाभाऊंचं काम गेलं. पाड्यावर लोक म्हणू लागले, यानं औषध ओढ्यात ओतलं, आमच्या म्हशी यानं मारल्या. त्यानंतर कुणी त्यांना आजारी जनावराला हात लावू दिला नाही. आणि त्या माणसाला दुसरं काही आवडतच नव्हतं.

पुढे एका नव्या सहकाऱ्याने, प्रत्येक रांगेत प्रथिनं मोजून सारखीच भरून, जपून ठेवलेल्या त्याच कृमींवर प्रयोग केला. पट्टी तशीच ठळक, म्हणजे सोमाभाऊंचंच खरं होतं. तेव्हा तरी जायला हवं होतं. दीड तासाचा रस्ता... कधी पाऊस, कधी मुलीची परीक्षा. वर्षांमागून वर्षं गेली.

शेवटी त्यांच्या दिवसकार्याला गेलो. ओसरीवर त्यांच्या पत्नीला, यमुनाबाईंना, सगळं सांगितलं.

"त्यांना सांगितलं होतं?"

"नाही."

"मग मला सांगून काय करू? ज्यांनी त्यांना बोल लावला, ते बाहेर जेवायला बसलेत. त्यांना सांगा."

अंगणात गेलो. काहीतरी पुटपुटलो. पंगतीतले एक म्हातारबाबा म्हणाले, "मोठ्यानं बोला, ऐकू नाय येत."

"सोमाभाऊंनी औषध पाजलं होतं," मी म्हणालो. "तुमच्या म्हशी त्यांच्यामुळे मेल्या नाहीत. खोटं मी लिहिलं. सोमाभाऊ, तुमच्या माणसांसमोर सांगतो... मी चुकलो. मला माफ करा."