राठोडांची हरकत

ॲड. देवसिंग राठोड यांच्या निधनाने आमच्या वकील संघात कधीही भरून न येणारी पोकळी निर्माण झाली आहे, असा ठराव शोकसभेत एकमताने मंजूर झाला. हात मीही वर केला होता. ही पोकळी बार रूमच्या खिडकीजवळ, त्यांच्या खुर्चीत होती, आणि पुढच्या सोमवारी ती भरून आली. तिथे आता एक तरुण वकील बसतो. मी त्याच्याकडे पाहिलं तर तो ओशाळून म्हणाला, "सर, पंखा इथंच लागतो." देवसिंग ती खुर्ची धरून होते त्यामागेही याहून मोठा विचार नव्हता.

बातमी आली तेव्हा मी दाढी करत होतो. त्यांच्या मुलाचा फोन. "काका, बापू गेले..." आखाडा बाळापूरच्या पलीकडे त्यांचा तांडा आहे. रविवारी शेतावर गेले, जेवले, झोपले आणि उठलेच नाहीत. दोनच दिवसांपूर्वी आम्ही कोर्टासमोरच्या टपरीवर उभे होतो. चहा हातात आला आणि तेवढ्यात शिपायाने त्यांच्या प्रकरणाचा पुकारा केला. त्यांनी भरला कप माझ्यापुढे सरकवला. "वकीलसाहेब, माझा चहा तुमी घ्या, मी येऊनच राहिलो." ते संध्याकाळपर्यंत आले नाहीत, साक्ष लांबली होती. शेवटची भेट म्हणून सांगण्यासारखं माझ्याकडे एवढंच आहे. त्यांचा चहा मी प्यालो.

शोकसभेत भाषणं झाली. आमच्या एका माजी अध्यक्षांनी भरल्या आवाजात सांगितलं की, जिल्हा झाल्यानंतरच्या पहिल्याच निवडणुकीत देवसिंगरावांनी आपल्यासाठी अध्यक्षपदाचा त्याग केला; असा दिलदार प्रतिस्पर्धी पुन्हा होणे नाही. सभागृह हललं. मी त्या निवडणुकीत देवसिंगांचा सूचक होतो. उमेदवारी त्यांनी मागे घेतली हे खरं. पण कोणासाठी, ते आता सांगणारा बहुधा मी एकटाच उरलो आहे, म्हणून हे लिहीत आहे.

देवसिंगांचे वडील तांड्याचे नाईक होते. बैलांच्या पाठीवर माल लादून मुलूख फिरण्याचे दिवस त्यांच्याही आजोबांच्या काळात संपले होते. हे लोक आता ज्वारी-कापूस करणारे शेतकरी. पण भांडण नाईकाच्या दारात नेण्याची रीत राहिली होती. या नाईकाचा स्वतःचा एक नियम होता : एकदा दोन्ही बाजू ओट्यापुढे बसल्या की निवाडा होईपर्यंत कोणी उठायचं नाही. भूक लागली तर भाकरी तिथेच येई, दोघांना एकाच ताटात. देवसिंग सांगायचे, "अर्धी भांडणं त्या ताटातच मिटायची, वकीलसाहेब. कोरड्यास कमी पडलं की माणूस लवकर ऐकतो." वडील गेले तेव्हा त्यांच्याविषयी मुलाने एकच वाक्य उच्चारलं होतं, "बापानं एकाही भांडणाला तारीख दिली न्हाई." आमच्या व्यवसायात हे वाक्य जवळजवळ राजद्रोहाचं आहे.

कारण तारीख हा आमचा श्वास. पक्षकार बदलतात, न्यायाधीश बदलून जातात, तारीख राहते. समोरच्या वकिलाने उभं राहून "साहेब, तयारी नाही, पुढची तारीख मिळावी" म्हणायचं आणि आपण मान किंचित झुकवून "हरकत नाही" म्हणायचं, याला आम्ही सौजन्य म्हणतो. आज मी तुला, उद्या तू मला. देवसिंग या व्यवहारात कधी आलेच नाहीत. समोरच्याचं वाक्य पुरं होण्याआधी ते उभे असत, "हरकत आहे, साहेब." आवाज मोठा नसे, राग तर नसेच. एकदा ते तापाने फणफणले होते, म्हणून मी परस्पर त्यांच्या वतीने मुदतीचा अर्ज दिला. पुकारा झाला तर मफलर गुंडाळून हे दारात उभे, आणि माझ्या अर्जाला, म्हणजे स्वतःच्याच अर्जाला, त्यांनी हरकत घेतली. न्यायाधीशांनी मला विचारलं, "तुम्ही कोणाचे वकील?" अशा माणसाकडे ज्युनिअर टिकत नसत हे सांगायला नको. बार रूममध्ये त्यांना हरकतराव म्हणत, आणि हे नाव ज्यांनी ठेवलं तेच घरची, बहिणीची, मेहुण्याची केस निघाली की हळूच त्यांच्या खुर्चीकडे सरकत.

हिंगोली जिल्हा झाला आणि आमच्या वकील संघाचं अध्यक्षपद एका रात्रीत जड झालं. तालुक्याच्या अध्यक्षाला कोणी विचारत नाही. पण जिल्ह्याच्या अध्यक्षाला झेंडावंदनाला पहिल्या रांगेत खुर्ची असते, कलेक्टरसाहेबांच्या शेजारी चहा असतो. काही जणांनी तर नवे कोट शिवून घेतले. तरुण वकिलांना वाटलं, एखादा कामाचा माणूस असावा, आणि ते देवसिंगांच्या मागे लागले. देवसिंग आधी हसले, मग तयार झाले. त्यांना ते पद हवं होतं, यात शंका नको. तांड्यातला पोरगा, बार रूमच्या भिंतीवरच्या अध्यक्षांच्या फलकावर आपल्यासारखं एकही नाव नाही हे तो पंधरा-वीस वर्षं खुर्चीत बसून पाहत होता. मला एकदा म्हणाले होते, "बापाचं नाव तांड्याच्या बाहेर कोन्या भिंतीवर लागलं न्हाई. माझ्या नावात त्याचंबी लागंल." हे वाक्य पुढच्या प्रसंगासाठी लक्षात ठेवावं.

प्रचारपत्रक मी लिहिलं. 'न्यायाचे खंदे पुरस्कर्ते, वंचितांचा आधारवड' वगैरे. त्यांनी ते शांतपणे वाचलं आणि विचारलं, "यातला मी कोनता?" तरी छापलं.

निवडणुकीची गंमत अशी की मतदार सगळे वकील, आणि उमेदवार रोज त्याच मतदारांच्या विरुद्ध कोर्टात उभा. सगळा खेळ काशिनाथरावांच्या हातात होता. ज्येष्ठ वकील, त्यांच्या ऑफिसात घडलेली पोरं जिल्हाभर, आणि ती पोरं काशिनाथराव बोट दाखवतील तिथे शिक्का मारणारी. अर्ज मागे घेण्याच्या दिवशी सकाळी काशिनाथरावांनी बार रूममध्ये देवसिंगांच्या खांद्यावर हात ठेवला. "राठोड, आमची मंडळी तुमच्याच मागं आहेत बरं का." मी मनातल्या मनात फलकावर नाव रंगवून टाकलं.

त्याच दिवशी या दोघांचं एक प्रकरण बोर्डावर होतं. गयाबाई नावाची डोंगरकडा गावाकडची धनगराची बाई. नवरा वारल्यावर दिराने तिच्या वाट्याच्या रानात पेरणी केली आणि मेंढरं बसवायची जागाही बळकावली. वाटणीच झाली नव्हती, असं दिराचं म्हणणं. वाटणी तोंडी झाली होती, पाच पंचांसमोर. त्यातले चार पंच वर गेले होते, पाचवा लिंबाजी उरला होता, तोही खोकत. दिराचे वकील काशिनाथराव. त्यांची रणनीती साधी आणि कायदेशीर होती : तारखा घेत राहायचं. लिंबाजीचं वय बाकीचं काम करणार होतं. देवसिंग प्रत्येक वेळी हरकत घेत, पण कधी कोर्टाला वेळ नसे, कधी लिंबाजीला उठवत नसे. त्या दिवशी मात्र गयाबाईने त्याला आदल्या दिवशीच बाळापुरात पाहुण्यांकडे आणून ठेवलं होतं आणि सकाळच्या एसटीत मांडीवर डोकं घेऊन आणलं होतं.

पुकारा झाला. काशिनाथरावांनी अर्ज पुढे केला, तयारी नाही, पुढची तारीख मिळावी. सगळ्या कोर्टाने सवयीने देवसिंगांकडे पाहिलं. देवसिंग उठले, अर्ज हातात घेतला आणि त्यावर लिहिलं, हरकत नाही.

कोणी काही मागितलं नव्हतं, कोणी काही कबूल केलं नव्हतं. सौजन्याचं हेच वैशिष्ट्य असतं. न्यायाधीशांनी ते दोन शब्द जरा जास्त वेळ वाचले. त्यांच्यापुढे जामिनाचा युक्तिवाद अर्धवट होता. "आदेश दुपारी करतो," म्हणाले आणि अर्ज बाजूला ठेवला.

व्हरांड्यात लिंबाजी भिंतीला टेकून बसला होता. त्याने विचारलं, "झाली का माझी साक्ष? मी तं काईच बोललो न्हाई."

"न्हाई झाली, मामा," गयाबाई म्हणाली. मग ती देवसिंगांकडे वळली. रडली नाही, आवाज चढवला नाही. "साहेब, आज तुमी काहून बोलले न्हाई? घसा बसला का?"

देवसिंग म्हणाले, "आज जरा अडचन होती, गयाबाई."

"व्हय. तिकडं चहावाला सांगून राहिला, साहेब विलेक्शनला उभे हायेत म्हनून." तिने लिंबाजीच्या खांद्यावरचं घोंगडं नीट केलं. "मलाबी तिथं एक मत असतं तं बरं झालं असतं."

मी तिथेच उभा होतो. टोमणा होता की साधी इच्छा, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. देवसिंगांनी लिंबाजीच्या कोरड्या पडलेल्या पायांकडे पाहिलं, मग म्हणाले, "बस इथंच. कुठं जाऊ नको. मामाला पानी पाज."

ते बार रूमकडे निघाले, मी मागे. मला वाटलं, काशिनाथरावांशी काहीतरी बोलणार. ते सरळ निवडणूक अधिकाऱ्यांच्या टेबलापाशी गेले. अधिकारी म्हणजे आमचेच एक वृद्ध सहकारी, त्या वेळी डबा खात होते. देवसिंगांनी उभ्या उभ्या माघारीचा अर्ज लिहून त्यांच्या भाजीशेजारी ठेवला. त्यांनी घास हातात तसाच धरून विचारलं, "अहो, पण कारण?"

"कोर्टात काम हाये."

मी सूचक. मला संताप आवरेना. जिन्यात गाठून म्हणालो, "निदान मला विचारायचं तरी."

"तुमाला विचारलं असतं तं तुमी तारीख मागितली असती," ते म्हणाले, आणि पायऱ्या चढू लागले. ते खरंच होतं. मी म्हणणारच होतो, उद्या बोलू.

जेवणाच्या सुट्टीनंतर कोर्ट बसताच देवसिंग उभे राहिले. "साहेब, सकाळच्या त्या अर्जाला माझी हरकत आहे."

न्यायाधीशांनी अर्ज काढून पाहिला. "राठोड, इथे तुमच्याच अक्षरात हरकत नाही असं आहे."

"सकाळी मी उमेदवार होतो, साहेब. आता वकील आहे."

काशिनाथराव अर्धवट उठले, म्हणाले, "साहेब, मी तर तयारीने आलो नाही." न्यायाधीशांनी दाराकडे पाहिलं. "साक्षीदार?" लिंबाजीला ऐकू फार येत नसे, पण सगळे आपल्याकडे वळले एवढं त्याला समजलं. गयाबाईच्या आधाराने तो आत आला आणि कोणी सांगण्याआधीच पिंजऱ्याचा कठडा धरून उभा राहिला. अर्ज नामंजूर झाला.

साक्ष झाली. काशिनाथरावांनी उलटतपासात विचारलं, "तुम्हाला नीट दिसतं का?"

"तुमी दिसून राहिले की," लिंबाजी म्हणाला. "आनखी काय पाहायचं हाये?"

"वाटणी कोणत्या साली झाली?"

"साल न्हाई सांगता यायचं. पन बांधावर दगड गाडला तवा त्याचं एक टोक म्या धरलं व्हतं, अन् दुसरं टोक ह्याच्या बापानं." त्याने गयाबाईच्या दिराकडे बोट दाखवलं. दिराने वर पाहिलं नाही. लिंबाजी खोकला, पाणी प्याला, आणि साक्षीखाली अंगठा उठवून मगच बसला.

काशिनाथराव संध्याकाळी बार रूममध्ये म्हणाले, "राठोड, हे तुम्ही बरं केलं नाही." देवसिंग म्हणाले, "बरं न्हाई केलं ते सकाळी केलं, साहेब." दुसऱ्या दिवशी दोघं एकाच बाकावर चहा पीत होते, देवसिंगांना दावा पुरे, वैर नको असे. आमचे प्रतिस्पर्धी बिनविरोध निवडून आले, हलगी वाजली, देवसिंगांना शाल मिळाली, आणि खिलाडूवृत्तीवर एक भाषण झालं, तेच पुढे वाढून शोकसभेत त्याग झालं. माझी उरलेली पत्रकं देवसिंगांनी घरी नेली आणि पुढे कितीतरी दिवस 'आधारवडा'च्या पाठीवर उलटतपासाची टिपणं काढली.

लिंबाजी त्या उन्हाळ्यातच वारला. सकाळचा अर्ज मंजूर झाला असता तर पुढची तारीख त्याच्यानंतर पडली असती. गयाबाईचा दावा मंजूर झाला, अपील झालं, अपिलातही लिंबाजी टिकला. मेलेल्या साक्षीदाराला पुन्हा बोलावता येत नाही, ही सोय या वेळी आमच्या बाजूने होती. गयाबाईची मेंढरं तिच्या जागेवर बसली. देवसिंग निवडणुकीला पुन्हा कधी उभे राहिले नाहीत. फलकाचा विषय मी एकदाच काढला. म्हणाले, "बापाला कळलं असतं तं त्यानं मला ताटावरून उठवलं असतं." त्यानंतर आम्ही दोघंही त्या भिंतीकडे पाठ करून बसू लागलो. पंखाही त्याच बाजूला होता.

त्यांच्या निधनाची बातमी कळली त्या दिवशी आमच्या प्रथेप्रमाणे वकील संघाने दुखवटा म्हणून कामकाजापासून अलिप्त राहण्याचं ठरवलं. मी व्हरांड्यातून चाललो होतो तर त्यांच्याच तांड्याकडचा एक म्हातारा, त्यांचाच पक्षकार, हातात पिशवी घेऊन उभा होता. सकाळच्या पहिल्या गाडीने निघाला होता, त्याला काहीच ठाऊक नव्हतं. "साहेब, लोकं परत काहून चालले?" मी सांगितलं. तो खाली बसला. पिशवी मांडीवर घेत म्हणाला, "मंग आज आमचं काय व्हनार?"

आत न्यायाधीशांनी दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली वाहिली आणि बोर्डावरच्या सगळ्या प्रकरणांना पुढची तारीख दिली. हरकत कोणी घेतली नाही.