तारमामांचा न उडणारा फ्यूज

आमच्या इमारतीतली बातमी सगळ्यांत आधी मला लागते, असं लोक म्हणतात. साफ खोटं आहे. माझ्या आधी ती तारमामांना लागायची. ते तळमजल्यावर राहतात आणि सोळाही घरांचे मीटर आणि फ्यूज जिन्याखाली, त्यांच्या दाराला लागून. "तिसऱ्या मजल्यावर पाहुणे आलेत, चकती बघ कशी पळतेय," असं ते खुर्चीत बसल्या बसल्या सांगायचे. मला बिचारीला त्यासाठी तीन मजले चढून साखर मागायला जावं लागायचं.

जन्मभर वायरमनचं काम केलं मामांनी. तारमामा हे नाव मात्र आम्ही ठेवलं, आणि त्याला कारण होतं. तीस वर्षांपूर्वी इथे कुणी इस्त्री लावली की फ्यूज उडायचा. चिनी मातीच्या त्या फ्यूजमध्ये एक बारीक तार असते. भार जास्त झाला की ती वितळते आणि वीज तोडते. तेच तिचं काम. पण आम्हाला कामाशी काय देणंघेणं, आम्हाला कडक शर्ट हवे होते! मामांनी तोडगा काढला. बारीक तारेच्या जागी जाड तांब्याची तार, तिला तीन पीळ आणि टोक आत वळवलेलं. "माझ्या हातचा फ्यूज उडणार नाही," म्हणाले. नाहीच उडाला. पहिला नंबर मीच लावला होता. महिन्याभरात सोळा घरांनी मामांना डोक्यावर घेतलं. आजूबाजूच्या गल्ल्यांतूनही बोलावणी यायला लागली.

गेल्या वर्षी मागच्या गल्लीत एका निवृत्त बाईंचं स्वयंपाकघर जळालं. मामांना बघायला बोलावलं होतं. परत आले ते थेट खुर्चीत बसले. मी चाळणी परत करायच्या निमित्ताने हजर.

"काय मामा, चेहरा का असा लोड शेडिंग झाल्यासारखा?"

"बाईंचे दोन्ही हात भाजलेत गं. भिंतीतल्या वायरीचा कोळसा झालाय. आणि फ्यूज शाबूत."

"मग बरं की! तेवढं तरी वाचलं."

"बरं? अगं, तो उडायला हवा होता. उडाला असता तर बाईंनी अंधारात मला दोन शिव्या घातल्या असत्या आणि मेणबत्ती शोधली असती." मग म्हणाले, "तीन पीळ होते. टोक आत वळवलेलं."

आतून मामी म्हणाल्या, "दुसऱ्या कुणी केलं असेल."

"माझं अक्षर मला ओळखता येत नाही होय?"

दुसऱ्या दिवसापासून मामा पिशवीत पेचकस आणि बारीक तारेचं रीळ घेऊन दारोदार फिरायला लागले. प्लगभोवतीचे तपकिरी डाग दाखवायचे. गीझर लावल्यावर दिवा मंदावतो का, विचारायचे. बोर्डाला नाक लावून जळका वास हुंगायचे. वायरीचं जुनं कापडी वेष्टण बोटात चुरडून दाखवायचे, राख पडावी तसं पडायचं. लोकांनी चहा पाजला आणि वाटेला लावलं. कारण बारीक तार घातली की फ्यूज पुन्हा उडणार. वायरी नव्या घालायच्या तर भिंती फोडाव्या लागणार. मीसुद्धा म्हटलं, "पाहुणे आहेत मामा, पुढच्या आठवड्यात बघू." त्याला नऊ महिने झाले. पाहुणे केव्हाच गेले.

मीटिंगमध्ये सेक्रेटरी म्हणाले, "तीस वर्षांत इथे ठिणगी तरी पडली का? ही सगळी तुमचीच पुण्याई, मामा!" टाळ्या पडल्या. स्वतःच्या कौतुकाने इतका पडलेला चेहरा मी दुसरा पाहिलेला नाही.

पण मामांचा जीव खरा अडकलाय तो सगळ्यांत वरच्या मजल्यावर. तिथे त्यांची लेक राहते. तिच्या घराची वायर सगळ्यांत लांब, सगळ्यांत जुनी, आणि तिच्यावर एसी, गीझर, वॉशिंग मशीन. लेक ऐकते, पण जावई म्हणजे दहावा ग्रह. मामांनी तिच्या फ्यूजमध्ये बारीक तार घातली, तर एका दिवसात तीनदा फ्यूज उडाला. तिसऱ्यांदा जावईबापूंच्या अंगाला साबण होता. तसेच टॉवेल गुंडाळून खाली आले आणि मामांच्या डोळ्यांदेखत जाड तार घातली. तीन पीळ, टोक आत.

"अहो, नका घालू," मामा म्हणाले. "ते घर परक्याचं नाही, माझी मुलगी आहे त्यात."

"बाबा, हे मला तुम्हीच शिकवलंत. लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात."

मी नेहमीच्या जागी, कठड्याशी उभी होते. टॉवेलवरून पुढे आठवडाभर पुरेल इतका विनोद मला मिळाला. तो मी पुरवून वापरलाही.

तेव्हापासून बापलेकीचं एक ठरलंय. काही लावण्याआधी ती जिन्यातून ओरडते, "बाबा, लावू का?" तिची वायर जिथून वर चढते, त्या लाकडी पट्टीवर मामा उलटा हात ठेवतात. मग म्हणतात, "लाव." मशीन थांबेपर्यंत हात तिथेच. फार तापलं तर मेन स्विच पाडायचा, एवढंच त्यांच्या हातात आहे. "मामा, पट्टीची नाडी बघताय का?" असं मी जाता-येता विचारते. पूर्वी हसायचे.

परवा मामा तापाने पडले. मामी औषध आणायला गेल्या आणि जाताना मला म्हणाल्या, "बस गं जरा खुर्चीत. तेवढ्यात पोरगी ओरडेल."

बसले. तेवढ्यात वरून आवाज आलाच, "बाबा, लावू का गीझर?"

मी पट्टीवर उलटा हात ठेवला. अजून काहीच लावलं नव्हतं, तरी कोमट होती. रोज अशीच असते का? कोमट म्हणजे किती चालतं? नऊ महिने मी मामांची थट्टा केली, पण एवढं विचारलं नव्हतं. आत डोकावले. मामा ग्लानीत होते, पांघरुणाबाहेर आलेला हात उलटा पडलेला.

"थांब गं!" मी ओरडले.

"मावशी तुम्ही? किती वेळ थांबू? यांना नऊला निघायचंय!"

मी हात काढला, पुसला, पुन्हा ठेवला. वरून जावईबापूंच्या आंघोळीच्या नळाचा आवाज यायला लागला होता.