झाकण लावलं की चढणारी रेघ

आमच्या कारखान्यातल्या मुख्य इंजिनिअरना सगळे शंकासुर म्हणतात, अर्थात पाठीमागे. घरी रेडिओ खरखरला तर हे गृहस्थ बायकोला घरातलं एकेक बटण बंद करायला लावतात आणि स्वतः रेडिओ कानाशी धरून जिन्यात उभे राहतात. हे त्यांच्या बायकोनंच मला फोनवर सांगितलं. वर म्हणाल्या, लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, दोष यांच्या रेडिओत एकदाही निघाला नाही.

सहा वर्षांपूर्वी तो माझ्यात निघाला. तेव्हा मी यंत्रांच्या सर्किट बोर्डवरच्या तांब्याच्या वाटा आखायचे. प्रत्येक बोर्डवर क्लॉकचा, म्हणजे सगळं काम तालात ठेवणारा विजेचा, ठोका असतो. आमचा सेकंदाला अडीच कोटी वेळा पडतो. त्याचा गोंगाट हवेत सुटला तर शेजारची यंत्रं बिघडतात. कानाला काही ऐकू येत नाही, पण मापकाच्या पडद्यावर दिसतं. तिथं एक लाल रेघ असते आणि गोंगाटाची रेघ तिच्याखाली राहावी लागते. बाळांचा श्वास मोजणाऱ्या यंत्राच्या माझ्या बोर्डची रेघ वर गेली. बैठकीत शंकासुर म्हणाले, आखणी चुकली. मालकांनी मान हलवली आणि माझी बदली सोल्डरिंगच्या, म्हणजे बोर्डवर सुटे भाग डाग देऊन जोडायच्या, बाकावर झाली. सासूबाई म्हणाल्या, बसून तर काम आहे. मी मूग गिळून बसले, पण राग काही गिळला गेला नाही.

यंदा नवं यंत्र आलं. आखणी बाहेरून करून घेतली होती. तेही नापास झालं, अगदी त्याच जागी. मनात म्हटलं, आता बोला. खरा दोष सापडला तर माझी आखणी चुकली नव्हती हे सिद्ध होणार होतं. त्यामुळे तो सापडण्याची घाई शंकासुरांपेक्षा मलाच जास्त होती.

नऊ दिवस शंकासुरांच्या आणि माझ्या नाकी नऊ आले. रोज यंत्राच्या डब्याचं झाकण काढायचं, आतून बाहेर जाणारी केबल बाजूला करायची आणि शोधत बसायचं. एकच रेझिस्टर मी चौदा वेळा बदलला. आमच्या बाकावर रेघ शहाण्यासारखी खाली बसायची आणि चाचणीच्या प्रयोगशाळेत नेलं की वर जायची. तीन फेऱ्या झाल्या. प्रत्येक फेरीनंतर शंकासुर भिंगातून माझं सोल्डरिंग तपासायचे. तेव्हा ते भिंग त्यांच्याच डोक्यात घालावंसं वाटायचं.

दहाव्या दिवशी ते फोनवर बोलायला बाहेर गेले होते. वैतागून मी डब्याचं झाकण दाबून लावलं, फळीवर ठेवून द्यावा म्हणून. मापक चालूच होता. पडद्यावरची रेघ उसळून लाल रेघेच्या वर गेली. झाकण काढलं, खाली आली. लावलं, पुन्हा वर. आत वाकून पाहिलं तेव्हा कळलं, झाकण बसलं की केबल खाली दबते आणि थेट पिनेवर टेकते.

ही पिन शंकासुरांची. क्लॉकच्या वाटेवर बोटभर उंचीची पिन हवीच, मोजमापाचा चिमटा अडकवायला. मोजता आलं नाही तर दुरुस्त काय करणार, असं ते प्रत्येक नव्या माणसाला ऐकवतात. गोंगाट त्या पिनेवरून केबलवर चढायचा आणि केबल तो डब्याबाहेर न्यायची. प्रयोगशाळेत डबा झाकण लावून जायचा; आम्ही शोधायला झाकण काढायचो आणि तिथंच तो नाहीसा व्हायचा. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

परत आल्यावर त्यांना सांगितलं. त्यांनी आधी झाकणावर शंका घेतली, मग टेबलावर, मग माझ्यावर. शेवटी पिन कापली आणि झाकण लावलं. रेघ खालीच राहिली. ते कपाटाकडे गेले. त्यातला माझा सहा वर्षांपूर्वीचा डबा काढला. झाकण लावून मोजलं, रेघ वर. त्यातलीही पिन कापली. रेघ खाली.

"तुझी आखणी बरोबर होती गं," ते म्हणाले.

"मी तेव्हाही तेच म्हणत होते, सर."

"हो. मी ऐकलं नाही."

पुढच्या चाचणीत यंत्र पास झालं. बैठकीत शंकासुर उभे राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, सहा वर्षांपूर्वी चूक माझ्या पिनेची होती. आपण चोर सोडून संन्याशाला फाशी दिली. एवढं मानावंच लागेल त्यांना.

मालकांनी अहवालातून मान वर केली.

"कुठला बोर्ड?"

शंकासुरांनी वर्ष सांगितलं, यंत्र सांगितलं. मालकांनी आठवायचा खरंच प्रयत्न केला. मग माझ्याकडे बघून विचारलं, "बाई, तुम्ही आखणीला होतात का?"

मी हो म्हटलं. ते बरं म्हणाले आणि तयार असलेली साठ यंत्रं कधी निघतील ते विचारू लागले. शंकासुर म्हणाले, आधी त्यांच्या पिना काढाव्या लागतील. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी बाकावर येऊन सोल्डरिंग गन तापत ठेवली. साठ पिना काढायच्या होत्या. लावल्याही मीच होत्या.