घासलेलं इंजिन

ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल, अक्षरही ओळ सोडून खाली उतरलं असेल, त्याबद्दल आधीच माफी मागते. माझी शाळा चौथीपर्यंत, आणि तीही कन्नड. मराठी लिहायला आईच्या भजनाच्या वहीवरून शिकले. बोलायचं असतं तेव्हा माझ्या तोंडातून निघत नाही, म्हणून लिहिते. ज्या गोष्टीची मला लाज वाटते, तीच लिहायची आहे.

आमचं दुकान देवराज मोहल्ल्यात. खाली दुकान, मागे स्वयंपाकघर आणि मोरी, वर दोन खोल्या. आमचे हे पुरुषांचे कपडे शिवत, आणि शिवणाची मशिन बिघडली तर स्वतःच उघडून बसत. मोहल्ल्यातले बाकीचे शिंपीही आपली मशिन यांच्याकडे आणून ठेवत. माणूस अबोल. दिवसभरात माझ्याशी बोलणं म्हणजे ताट वाढ, दोरा संपला, वीज आली का. मला तसलीच सवय होती. सगळ्यांचे नवरे असेच असतात असं मी धरून चालले होते.

मग ती कॉलेजात शिकवणारी बाई आली. तिचे वडील मोठे अधिकारी होते, त्यांचे कोट आमच्या सासऱ्यांनी शिवलेले. वडील वारले होते, लग्न तिने केलं नव्हतं, मोठ्या घरात एकटी राहायची. तिने एक लाकडी पेटी आणली. पेटीत खेळण्यातली रेल्वे होती, पत्र्याची, चावीवर चालणारी. वडिलांनी तरुणपणी परदेशातून आणलेली. इंजिन हिरवं, कडेने सोनेरी बारीक रेघ, अंगावर नंबर. पाच डबे आणि वाकडे झालेले रूळ. कोणीतरी तिला सांगितलं होतं की हा टेलर चावीचं कामही करतो.

इंजिनाची चावी फिरे, पण चाक हलत नसे. यांनी मशिनचा छोटा स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि पोट उघडलं. आतलं तेल वाळून डिंक झालं होतं. स्प्रिंगचं टोक तुटलं होतं. यांनी चाकं घासलेटात भिजत घातली, स्प्रिंगचं टोक दिव्यावर लाल करून मऊ केलं, त्याला नवं भोक पाडलं. आठ दिवस हे चाललं होतं. तेवढ्यात दोन लग्नांचे कपडे मागे पडले.

मंगळवारी दुकान बंद. त्या मंगळवारी कापड बेतायच्या मोठ्या टेबलावर यांनी रूळ मांडले आणि बाईला बोलावलं. गाडी कुरकुरत निघाली, टेबलाला वळसा घालून परत आली. बाईने दोन्ही हात तोंडावर ठेवले. हे हसले. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, असं हसणं मी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर ती दर मंगळवारी येऊ लागली. कधी डबा घेऊन, कधी तुटका सिग्नल घेऊन. ती त्यांना मास्टर म्हणे, हे तिला मॅडम. दोघांचं बोलणं कन्नडमध्ये चाले, मध्येच इंग्रजी शब्द. मी दुकान आणि स्वयंपाकघराच्या मधल्या पडद्यामागे कॉफी गाळत उभी राहायची. पडदा बाजूला करून आत जायचा धीर नव्हता, ताट पुढे सरकवून मागे व्हायची. पण ऐकायची सगळं. चाकांचे दात किती, कुठल्या सालचं असेल, ह्या डब्याला मूळचा कुठला जोड. माझा नवरा तासभर बोलू शकतो हे मला पडद्यामागे उभं राहून कळलं. हा माणूस माझ्या घरात जेवतो आणि बोलतो मात्र तिच्याशी, एवढंच माझ्या डोक्यात फिरू लागलं. हे बोलणं कायमचं तिचंच झालं तर मला काय उरेल, ही भीती.

सासूबाई जिन्यावर बसून दाणे सोलत सगळं बघायच्या. एकदा म्हणाल्या, "सूनबाई, तुझ्या नवऱ्याने गाडी घेतली ग. इंजिन आहे, डबे आहेत. तुला तिकीट तेवढं मिळालं नाही." मी हसले. त्या दिवशी आमटीत मीठ दोनदा पडलं.

एक गोष्ट सांगते, म्हणजे माझा राग कळेल. एका डब्याचा जोडायचा आकडा तुटला होता. हे दोन दिवस तार वाकवत बसले, जमेना. मी ताट उचलताना म्हटलं, पँटचा हूक लावून बघा. लावला, चपखल बसला. मंगळवारी बाईने विचारलं, मास्टर, हे कसं सुचलं? हे म्हणाले, सुमने, सुचलं. सुमने म्हणजे कन्नडमध्ये असंच, सहज. मी पडद्याची कड मुठीत धरून उभी होते.

पावसाळा संपता संपता कळलं की बाई ती गाडी विकणार आहे. घराचं छप्पर गळत होतं आणि पगारात ते होईना. बंगळूरचा एक जुन्या गाड्या जमवणारा माणूस दसऱ्यानंतर येऊन घेणार होता. त्याने पत्रात लिहिलं होतं की मूळचा रंग शाबूत असेल तर पूर्ण किंमत. हे बाईला सांगत होते, एकदा नाही, तीनदा सांगितलं असेल: रंगाला हात लावायचा नाही, पाणी नाही, साबण नाही, मलमलीच्या तुकड्याला एक थेंब तेल, बस. जुना रंग गेला की ते नुसतं खेळणं.

मी ऐकलं होतं. पडद्यामागे उभी राहून शब्द न् शब्द ऐकला होता.

नवमीला आयुधपूजा. आमच्याकडे त्या दिवशी सगळी मशिनं, कात्र्या, इस्त्र्या, गज, सगळं धुऊन पुसून मांडायचं, हळदीकुंकू, फूल लावायचं. त्या दिवशी शिवण नाही. घासायचं काम बायकांचं. अष्टमीला दुपारी हे फुलं आणायला बाजारात गेले होते, सासूबाई देवळात. मी मोरीत समया, तांब्या, कात्र्या घेऊन बसले होते. चिंच, राख, काथ्या. विकण्याआधी शेवटचं तेलपाणी करायला बाईने गाडी आमच्याकडे ठेवली होती; टेबलावर डब्यांच्या पुढे इंजिन दिसलं.

मी ते उचललं. मोरीत आणलं. आधी राख, मग चिंच, मग काथ्याने घासलं. हिरवा रंग पाण्याबरोबर निघून गेला. सोनेरी रेघ कधी गेली कळलंही नाही. नंबर गेला. खालचा पत्रा चांदीसारखा चमकायला लागला. हात थांबवता आला असता, ते माझ्या मनात स्पष्ट होतं. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी घासत होते. मग पुसलं, वाळवलं, मशिनांच्या रांगेत ठेवलं, धुराड्यावर झेंडूचं फूल लावलं.

यांनी पाहिलं तेव्हा पिशवी हातातच राहिली. दुसऱ्या दिवशी बाई पूजेला आली, दरवर्षी गिऱ्हाइकं येतात तशी. तिने इंजिन हातात घेतलं, उलटंपालटं केलं, नंबर होता तिथे अंगठा फिरवला. म्हणाली, लहानपणी वडील याला हात लावू देत नव्हते.

तेव्हा हे म्हणाले, "मॅडम, राग मानू नका. चौथी शिकलेली बाई आहे. तिला यातलं काय कळणार? किमतीत जो फरक पडेल तो मी भरतो."

मी तिथेच उभी होते, प्रसादाचं ताट घेऊन. शिवी दिली असती तर चाललं असतं. तिने माझ्याकडे दयेने पाहिलं, ते मला सहन झालं नाही.

बंगळूरचा माणूस आला. डबे आणि रूळ यांचे ठरल्याप्रमाणे पैसे दिले, इंजिनाचे अगदी थोडे. फरक पडला बाराशे रुपयांचा. तेव्हा बाराशे म्हणजे आमच्या दुकानाची तीन-चार महिन्यांची शिल्लक.

दोन दिवस मी जेवले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी हे टेबलावर कापड पसरून खडूने रेघा मारत होते. मी पडदा बाजूला केला आणि आत गेले.

"मला माहीत होतं," मी म्हटलं.

"काय?"

"रंग गेला की किंमत जाते. तुम्ही तिला तीनदा सांगितलं होतं. मी ऐकलं होतं."

खडू थांबला. "मग का केलंस?"

"तिच्याशी बोलता तसं तुम्ही माझ्याशी एकदाही बोलला नाहीत."

मला वाटलं आता हात उगारतील, किंवा माहेरी जा म्हणतील. त्यांनी टेबलावरचे खडूचे कण हाताने झटकले आणि विचारलं, पूजेसाठी घासलंस असं का नाही म्हणालीस, मी तेच समजलो होतो. मी म्हटलं, म्हणूनच सांगते. आणि पैसे मी भरणार.

"कुठून भरणार?"

"हात आहेत ना मला."

साडीच्या दुकानात जाऊन काम मागायचं म्हणजे मला मरण होतं. पहिल्या दुकानासमोरून मी चार वेळा गेले आणि चार वेळा पुढे गेले. पाचव्यांदा आत शिरले, तेव्हा मालकाने काय पाहिजे विचारलं तर तोंडातून शब्द निघेना. पिशवीतून मी माझ्या एका साडीचा पदर काढून त्याच्यासमोर ठेवला, त्याला मीच रेशमाचे गोंडे बांधलेले होते. इथे त्याला कुच्चू म्हणतात. मालकाने ते उलटून पाहिले, मागची गाठ तपासली, आणि सहा साड्या दिल्या. फॉल आणि कुच्चू. असं ते काम सुरू झालं.

महिन्याच्या पहिल्या मंगळवारी मी बाईच्या घरी जायची. एकटी, चालत. पहिल्या वेळी वीस रुपये होते. तिने कॉलेजची एक वही काढली, त्यात आकडा लिहिला, मला बसायला खुर्ची दिली. स्वतः कॉफी केली. भिंतीवर काचेचं मोठं कपाट होतं, आत काही नव्हतं, गाडी तिथे असायची. मला वाईट वाटायला हवं होतं. मला वाटलं, हिचं स्वतःचं घर आहे, स्वतःच्या नावाचा पगार आहे, आणि माझा नवरा हिला सगळं सांगतो. मी कॉफी गरम असतानाच पिऊन टाकली आणि उठले.

दुसऱ्या वेळी मी तिला खरं सांगून टाकलं. माझं कन्नड घाईने बाहेर पडलं, धड वाक्यही झालं नाही. तिने चष्मा काढून पुसला.

"गोत्तु," ती म्हणाली. माहीत आहे. "पूजेसाठी होतं तर डबे का नाही घासलेस?"

ती म्हणाली, मला मास्टरशी बोलायला आवडायचं, घरात बोलायला कोणी नाही, त्यात तुझं काही घ्यायचं माझ्या मनात नव्हतं. मी मान हलवली. विश्वास ठेवला की नाही, आजही सांगता येत नाही. पैसे सोडून दे, असं ती म्हणाली नाही, आणि ते मला बरं वाटलं. म्हणाली असती तर मी तिचं ऋण कुठे ठेवलं असतं?

ती आमच्याकडे यायची बंद झाली. मला त्याचा आनंद झाला. हे इथे लिहून ठेवते, कारण मोठ्याने कोणाला सांगणार नाही.

बंगळूरच्या माणसाने न घेतलेले वाकडे रूळ यांनी पोत्यात बांधून माळ्यावर टाकले. सहा-सात महिने गाडीचा विषय नाही. जेवताना पूर्वीसारखेच गप्प, फक्त आता त्या गप्प बसण्याला मीही कारण होते. मग एका मंगळवारी ते मंडीमागच्या भंगारवाल्याकडून एक डबा घेऊन आले. पत्र्याचा, तांबडा, चाकं नाहीत, एक बाजू चेपलेली. मी फॉल लावत बसले होते. त्यांनी तो माझ्या साडीच्या घडीवर ठेवला. मी घडी मळेल म्हणून डबा उचलला.

"याचा रंग ठेवायचा की काढायचा?" त्यांनी विचारलं.

मी दोन्ही बाजू पाहिल्या. खिडक्यांच्या खाली पिवळी पट्टी अजून होती, एका कोपऱ्यात गंज.

"ठेवा," मी म्हटलं. "गंज तेवढा काढा. तेलाने. काथ्या नको."

सासूबाई जिन्यावरून म्हणाल्या, काथ्या मी लपवून ठेवते. हे हसले. गाडी पहिल्यांदा चालली तेव्हासारखे हसले असं म्हणणार नाही, पण हसले. मग चेपलेली बाजू आतून कशी उचलायची हे ते सांगू लागले, आणि मी सुई थांबवून ऐकत राहिले. चाकांचं त्यांनी सांगितलं, आसाचं सांगितलं. अर्धं मला माहीत होतं, पडद्यामागचं. तरी मी मध्ये बोलले नाही. त्यांनी सगळं पहिल्यापासून सांगावं असं मला वाटत होतं.

त्या डब्याला चाकं मिळायला वर्ष गेलं. इंजिन आम्हाला कधीच मिळालं नाही, तो डबा टेबलावर हाताने ढकलूनच चालतो. बाईला त्याबद्दल यांनी कळवलं असेल का, हा विचार अजून माझ्या मनात येतो. विचारलं नाही.

पैसे फिटायला दोन वर्षं आणि चार महिने लागले. एका महिन्यात सासूबाई आजारी होत्या, काही देता आलं नाही. लग्नसराईत एकदा ऐंशी दिले. शेवटच्या वेळी पस्तीस रुपये बाकी होते. मी चाळीस नेले, कारण सुटे नव्हते. बाईने नोटा मोजल्या, पर्समधून पाच रुपये काढून माझ्या हातात दिले. वहीत शेवटचा आकडा लिहिला, वरपासून खालपर्यंत बोट फिरवत बेरीज केली, पुन्हा एकदा केली. मग वही माझ्याकडे वळवली. मीही बेरीज केली, कन्नड आकड्यांत, मनातल्या मनात, तिच्यापेक्षा हळू. बाराशे. एक पैसाही बाकी नव्हता.